निम्मी वीज हरित, नागपूर ५६ अंश: रात्रीच्या डेस्कवर असे आकडे तपासायचे कसे?

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विदर्भातल्या एका जिल्हा दैनिकात उपसंपादक आहे, रात्रपाळी कायमची. डाक आवृत्तीची पानं साडेदहाला सुटतात, शहराची साडेबाराला. विज्ञान बघणारा वेगळा माणूस आमच्याकडे नाही. हवामान, वीज, पर्यावरण जे येईल ते ज्याच्या पुढ्यात पडेल त्यानं लावायचं. खेळाचं पान करणारा पोरगाही वेळप्रसंगी हिमनद्या वितळवतो.

अडचण अशी. २०२५ च्या जुलैत केंद्राचं पत्रक आलं, बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून बाकीच्या) स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला म्हणून. आमच्या टेबलावर त्याचा मथळा झाला, ‘देशातील निम्मी वीज आता कोळशाविना’. मला खटकला. चंद्रपूर आमच्यापासून लांब नाही, कोळशाच्या वाघिणी रोज दिसतात, त्या काही निम्म्या झालेल्या नाहीत. वृत्तसंपादकांना म्हटलं, साहेब, हे निम्मं नेमकं कशाचं? ते म्हणाले, पत्रकात ५० टक्के लिहिलंय ना, मग लाव. माझ्याकडे नुसती शंका होती, मुद्दा नव्हता. गप्प बसलो.

आज पुन्हा तोच प्रकार. सौर कृषी वाहिनी योजनेतला ५ मेगावॉटचा प्रकल्प, गायरान जमिनीवर. कंपनीच्या जनसंपर्कवाल्यानं पाठवलंय, ‘५० हजार घरे उजळणार, वर्षाला दीड लाख टन कार्बन वाचणार’. सोबत फीत कापतानाचा फोटो आहे, म्हणजे बातमी लागणारच. आकडे लागावेत की नाही एवढंच माझ्या हातात.

तिसरं जुनं आहे, पण डोक्यातून जात नाही. ३० मे २०२४ ला ‘नागपुरात ५६ अंश’ असा आकडा फिरला. चॅनलांवर पट्टी सुरू होती, व्हॉट्सॲपवर हवामान केंद्राचा स्क्रीनशॉट होता. डेस्कवर दोन तट पडले. एक म्हणे सरकारी केंद्राचा आकडा आहे, आपण कोण नाही म्हणणार. दुसरा म्हणे ५६ ला नागपूरकर जिवंत राहिला असता काय?

आणि दर वर्षी येणारा तो ‘ॲफेलियन’चा मेसेज. पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, थंडी वाजणार, सर्दी-ताप येणार. तालुक्याचे दोनतीन वार्ताहर तो बातमी म्हणून पाठवतातच.

अर्धा तास आणि एखादा फोन एवढ्यात काय तपासता येईल? प्राध्यापकांना रात्री फोन लागत नाही. लागला तर ते ग्लोबल वॉर्मिंगवर भाषण देतात, आकडा देत नाहीत.

---

शाळामास्तर

ॲफेलियनचं मी उरकतो. मेसेजमध्ये म्हणतात सूर्य एरवी ९ कोटी किलोमीटरवर असतो आणि आता १५.२ कोटींवर जाणार. एरवीचं अंतरच १५ कोटी आहे. जानेवारीच्या सुरुवातीला १४.७, जुलैच्या सुरुवातीला १५.२. सर्वांत जवळ असतो तेव्हा आपण स्वेटर घालतो. वार्ताहराला एवढं एक वाक्य परत पाठवा.

---

कळवा_कंट्रोल_रूम

रात्रपाळीवाले, तुमची शंका रास्त होती. निम्मी झाली ती क्षमता. वीज नव्हे.

माझी बहुतेक नोकरी कळव्याच्या लोड डिस्पॅचला, म्हणजे राज्याच्या वीजपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात गेली. समोरच्या बोर्डावर कुठला संच या क्षणी किती मेगावॉट देतोय ते दिसायचं आणि पाळी संपताना दिवसाचे युनिट किती झाले ते रजिस्टरला चढायचं. दोन्ही आकडे एकाच खुर्चीतून दिसत, त्यामुळे आमचा घोळ होत नसे. मेगावॉट म्हणजे यंत्राची ताकद, युनिट म्हणजे त्यानं प्रत्यक्षात केलेलं काम. पेपरात मात्र दोन्ही ‘वीज’ या एकाच शब्दात कोंबले जातात, आणि मग ‘मेगावॉट प्रति तास’सारखे जन्माला न आलेले प्राणी छापून येतात.

कोयनाच घ्या. १,९६० मेगावॉट, राज्यातलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र. अहोरात्र पूर्ण ताकदीनं चाललं तर वर्षाला १,७०० कोटींवर युनिट व्हायला हवेत. होतात साधारण ३०० कोटी. यंत्रं वाईट आहेत म्हणून नाही. कृष्णा पाणीतंटा लवादानं पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलं, ते जूनपासून जूनपर्यंत पुरवायचं असतं. म्हणून कोयना मागणी चढेल तेव्हा लावायची. संध्याकाळी दिवे लागले की आमचा पोफळीला, कोयनेच्या वीजगृहाला फोन, की काही मिनिटांत संच अंगावर भार घेत. थंड पडलेला कोळशाचा संच त्या कामाला तासन्‌तास लावतो. तेव्हा कोयनेला ‘फक्त १७-१८ टक्के चालते’ म्हणून हिणवणारा अडाणी, आणि १,९६० मेगावॉट आहे म्हणून ‘एवढ्या कोटी घरांना वीज’ लिहिणाराही अडाणीच.

आता तुमचं जुलैचं पत्रक. ३० जून २०२५ चा तो हिशेब होता. देशाची एकूण स्थापित क्षमता ४ लाख ८४ हजार मेगावॉटच्या थोडी वर. त्यात औष्णिक २ लाख ४२ हजार, उरलेली २ लाख ४२ हजार ७८० बिगर-जीवाश्म. भागाकार केला की ५०.०८ टक्के येतात. या ‘बिगर-जीवाश्म’मध्ये अणुऊर्जेचे ८,७८० मेगावॉट आहेत आणि मोठ्या धरणांचे ४९ हजार. सौर, पवन वगैरे मिळून १ लाख ८४ हजार. म्हणजे ‘निम्मी सौरऊर्जा’ लिहिणाराही चुकला आणि ‘निम्मी अक्षय ऊर्जा’ लिहितानाही मोठी धरणं आत धरली आहेत की नाहीत ते सांगावं लागतं. पॅरिस करारात आपण कबूल केलं होतं तेही क्षमतेचंच: २०१५ ला ४० टक्के, २०२२ ला वाढवून ५० टक्के, मुदत २०३०. ते पाच वर्षं आधी झालं, ही बातमी खरी आहे आणि मोठी आहे. प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटांत मात्र २०२४-२५ ला कोळशाचा वाटा ७० टक्क्यांच्या वर होता. तुमच्या वाघिणी खोटं बोलत नव्हत्या. मथळा ‘वीजनिर्मिती क्षमतेत बिगर-जीवाश्म निम्म्यावर’ असा केला असता तरी तीन कॉलमांत बसला असता.

आता आजचं पत्रक. कागद घ्या, माझ्याबरोबर करा.

एक मेगावॉट तासभर चालला की हजार युनिट. ५ मेगावॉट गुणिले वर्षाचे ८,७६० तास. ४ कोटी ३८ लाख युनिट. पण सूर्य रात्री नसतो, सकाळ-संध्याकाळ तिरका असतो, पावसाळ्यात ढगाआड असतो. आपल्याकडे जमिनीवरचा सौर प्रकल्प वर्षाच्या सरासरीनं १९-२० टक्के देतो. म्हणजे ८३ लाख युनिट धरा. ते ५० हजार घरांत वाटले तर प्रत्येक घराला महिन्याला १४ युनिट. एक पंखा पाचेक तास आणि दोन एलईडी दिवे. फ्रीज नाही, मिक्सर नाही, टीव्ही तर नाहीच. महिन्याला १०० युनिटचं साधं घर धरलं तर सात हजारांपेक्षा थोडी कमी घरं होतात.

पण खरी गोम पुढे आहे. ही सौर कृषी वाहिनी आहे ना? मग ही वीज घरांना जातच नाही. प्रकल्प गावाजवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राला जोडतात आणि त्या उपकेंद्रावरच्या शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला, दिवसा पुरवठा होतो. योजनेचा हेतूच तो आहे, पंपाला रात्रीऐवजी दिवसा वीज. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ ला सुरू झाला, तो ३ मेगावॉटचा. तिथंही गोष्ट पंपांचीच आहे, घरांची नाही. ५ मेगावॉटवर ऐन दुपारी पाच अश्वशक्तीचे हजारभर पंप चालतील. तुमच्या वाचकाला ‘५० हजार घरे उजळणार’ यात काडीचा रस नाही, त्याला विचारायचंय की माझ्या फीडरला वीज कधीपासून आणि किती ते किती. उपकेंद्राचं नाव आणि फीडरची नावं मागा. ती मिळाली तर फोटोसह अर्धं पान द्या, माझी ना नाही.

राहिला कार्बन. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी हा गुणांक काढतं. ८३ लाख गुणिले ०.७ म्हणजे ५,८०० टन. दीड लाख कुठून आले? २५ नं गुणा. एक लाख पंचेचाळीस हजार. सौर पॅनेलचं आयुष्य २५ वर्षं धरतात. जनसंपर्कवाल्यानं २५ वर्षांचा आकडा एका वर्षाच्या गळ्यात बांधलाय, असा माझा कयास. त्याला फोन करून एवढंच विचारा, ‘हे दीड लाख टन किती वर्षांचे?’ गप्प बसला तर समजून जा. आणि ‘कार्बन’ की ‘कार्बन डायऑक्साइड’ हेही विचारून घ्या, कारण एक टन कार्बन जळला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. कागदावर एक शब्द गाळला की आकडा पावणेचार पट इकडचा तिकडे.

आणखी एक जागा, जिथं मी पेपर वाचताना हटकून पेन घेऊन बसतो: मिलियन आणि बिलियन. ‘एमयू’ म्हणजे मिलियन युनिट, १० लाख. ‘बीयू’ म्हणजे १०० कोटी. इंग्रजी कॉपीतला मिलियन मराठीत ‘कोटी’ होऊन आलेला मी इतक्यांदा पाहिलाय की आता चिडत नाही. गिगावॉटला हजारानं गुणून मेगावॉट करा आणि मग लाखात लिहा, एकदम उडी मारू नका.

बघायचं कुठे? क्षमतेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा मासिक अहवाल, रोजच्या मागणी-पुरवठ्यासाठी ग्रिड इंडियाचा दैनिक अहवाल. दोन्ही फुकट, दोन्ही संकेतस्थळावर, आणि तक्ते आहेत त्यामुळे इंग्रजीची भीती नको. वर ‘अमुक तारखेअखेर’ लिहिलेलं असतं, ती तारीख बातमीत घ्या. तुमचं ते ५६ अंशांचं प्रकरण झालं, त्याच दिवशी, ३० मे २०२४ ला, देशाची कमाल मागणी २ लाख ५० हजार मेगावॉटला टेकली होती. विक्रम होता तो. तुमच्या पेपरात तो आला होता का, ते कळवा. तपमानाबद्दल मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे.

---

नोंदवही

मग माझा प्रांत आहे, काका. शिवाजीनगरला शिमला ऑफिसात होते. (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ ला शिमल्याहून पुण्यात आलं, पुढे दिल्लीला गेलं, इमारतीला नाव मात्र शिमल्याचंच चिकटलं. रिक्षावाल्याला वेधशाळा म्हटलं तर विचार करतो, शिमला ऑफिस म्हटलं की मीटर टाकतो.)

५६ अंशांचा आकडा सरकारी केंद्राचाच होता, पण स्वयंचलित केंद्राचा. वेधशाळेत माणूस जाऊन बघतो ते वेगळं असतं. आवारात चार खांबांवर पांढरी लाकडी पेटी असते, चारी बाजूंनी झडपा, दार उत्तरेकडे, म्हणजे दार उघडलं तरी ऊन पाऱ्यावर पडू नये. तपमापी जमिनीपासून साधारण चार फुटांवर. खाली गवत हवं, सिमेंट नको. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला निरीक्षक दार उघडतो, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणतो, वाचतो आणि वहीत लिहितो. कमाल तपमापीचा पारा वर जाऊन तिथंच थांबलेला असतो, वाचून झाला की झटकून खाली आणायचा. आदल्या दिवशी ४३ आणि आज ५३ आला तर निरीक्षक वहीत लिहायच्या आधी पेटीत काय झालंय ते बघतो. स्वयंचलित केंद्राचा सेन्सर मात्र बिघडला तरी बिनदिक्कत आकडा पाठवत राहतो, आणि तो थेट तुमच्या मोबाइलवर येतो.

३० मेच्या एक दिवस आधी दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं ५२.९ दाखवला होता. देशाचा विक्रम मोडला म्हणून जगभर बातमी गेली. हवामान खात्यानं तिथं पथक पाठवलं, प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून बघितलं, तर सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. राजस्थानातल्या फलोदीचा १९ मे २०१६ चा ५१ अंशांचा विक्रम तसाच राहिला. नागपूरचंही तसंच. एका केंद्रानं ५६ दाखवला त्याच दिवशी भोवतालची इतर काही केंद्रं चव्वेचाळीसच्या आसपास होती, आणि प्रादेशिक हवामान केंद्रानं सेन्सरमधला बिघाड सांगितला.

तर रात्री साडेदहाला करायचं ते एवढंच: शेजारचं केंद्र बघायचं. वीस किलोमीटरवरच्या दोन जागांत दुपारच्या कमाल तपमानात १२ अंशांचा फरक सपाट विदर्भात पडत नाही. पावसाचं उलट आहे हं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. दोन्ही आकडे खरे. तपमान शेजाऱ्याला विचारून तपासता येतं, पाऊस नाही येत.

दुसरं, ‘सरासरीपेक्षा’ हा शब्द दिसला की ‘कुठल्या सरासरीपेक्षा’ हे विचाराच. २०२४ हे १९०१ पासूनचं भारतातलं सर्वांत उष्ण वर्ष, सरासरीपेक्षा ०.६५ अंश जास्त, असं आपल्या खात्यानं सांगितलं. त्याच सुमारास जागतिक हवामान संघटनेनं जगाचा आकडा दिला १.५५. लगेच दोनचार ठिकाणी लेख आले, की भारत जगापेक्षा कमी तापतोय, आपल्याला काय त्याचं. अहो, ०.६५ ही १९९१ ते २०२० च्या सरासरीशी तुलना आहे आणि १.५५ ही १८५० ते १९०० च्या. शिवाय एक जमिनीवरचं तपमान, दुसऱ्यात समुद्रही. हे दोन आकडे एका वाक्यात बसवायचेच नाहीत. आणि १.५ ओलांडले म्हणजे पॅरिस करार मोडला, असंही नाही. करारातली मर्यादा एका वर्षाची नाही, वीसेक वर्षांच्या सरासरीची आहे. ‘पहिल्यांदाच एका कॅलेंडर वर्षात दीड अंश पार’ एवढं लिहा, तेवढंच पुरेसं भयंकर आहे.

उष्णतेची लाट हा शब्दही फार स्वस्त झालाय. मैदानी भागात कमाल ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त, किंवा सरळ ४५, तेव्हा लाट म्हणतात. किनाऱ्यावर ३७ पासून मोजतात. पण निकष बसला नाही म्हणून धोका नाही, असंही छापू नका. एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात १४ माणसं गेली तेव्हा त्या भागात पारा अडतीसच्या आसपास होता. कोकणातली दमट हवा आणि तासन्‌तास उघडं ऊन. तपमानाशेजारी आर्द्रता आणि रात्रीचं किमान तपमान छापत जा, जागा दोन ओळींची लागते.

---

बारा_गावचं_पाणी

भाषांतराची कामं करतो, म्हणून एक जोडतो. मोठ्या संस्थेचा अहवाल आहे म्हणजे तपासायला नको, असं डेस्कवर धरतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००७ च्या अहवालात छापून आलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. नोबेल मिळालेली संस्था. कोण हटकणार?

उलट चालत गेलं तर वाट अशी निघते. आयपीसीसीनं हे घेतलं डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गरक्षण संस्थेच्या २००५ च्या अहवालातून. त्यांनी घेतलं ‘न्यू सायंटिस्ट’ या विज्ञान साप्ताहिकातल्या १९९९ च्या बातमीतून. ती बातमी होती दिल्लीच्या जेएनयूतल्या हिमनदी-अभ्यासकाशी झालेल्या बोलण्यावरून. म्हणजे तळाशी एकही तपासलेला शोधनिबंध नाही. आणि त्याच परिच्छेदात क्षेत्रफळाचे जे आकडे होते, ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर, ते कोटल्याकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या १९९६ च्या लिखाणातल्या आकड्यांशी जुळतात. तिथं साल होतं २३५०, आणि विषय होता ध्रुवप्रदेश सोडून जगभरच्या हिमनद्यांचा.

यातली मजा बघा. त्याच उपविभागात वर लिहिलेलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या ३० लाख हेक्टरवर आहेत. ३० लाख हेक्टर म्हणजे ३० हजार चौरस किलोमीटर. ज्यांचं क्षेत्रच ३० हजार, त्या पाच लाखांवरून एक लाखावर कशा येतील? हे पकडायला हिमनदीशास्त्र लागत नाही. हेक्टरचे चौरस किलोमीटर करता यायला हवेत, आणि ते तुमचा तलाठी डोळे मिटून करतो. जानेवारी २०१० ला आयपीसीसीनं चूक जाहीर मान्य केली.

पुढे जे झालं तेही डेस्कसाठी कामाचं आहे. काहींनी मथळे दिले की हिमनद्या वितळतच नाहीत. २०१९ च्या हिंदुकुश-हिमालय अहवालानं, शेकडो तज्ज्ञांनी मिळून केलेल्या, सांगितलं की जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाअखेर तिथल्या एक तृतीयांश हिमनद्या जातील. एक साल चुकलं म्हणून वितळणं थांबलेलं नाही.

---

छतावर_३_किलोवॉट

सगळं मान्य, पण कळवावाल्या काकांशी थोडं भांडायचंय. तुम्ही क्षमता नव्हे निर्मिती, क्षमता नव्हे निर्मिती करत बसलात की वाचकाच्या डोक्यात एकच राहतं, सोलर म्हणजे बनवाबनवी. आमच्या सोसायटीत एका काकांनी असलंच कात्रण दाखवून छतावरच्या पॅनेलचा ठराव पाडला. ‘२० टक्केच चालतं’ म्हणे. बारकावे छापताना त्याचा उपयोग कोण करणार याचाही विचार नको का?

---

कळवा_कंट्रोल_रूम

भांडा की. तुमच्या सोसायटीच्या काकांना विचारा, सोसायटीची लिफ्ट दिवसातले किती तास चालते. क्षमतेपेक्षा निर्मिती कमी असणं हा गुन्हा नाही, सगळ्याच केंद्रांचं तसं असतं. कोळशाचे संचसुद्धा देशाच्या सरासरीनं सत्तर टक्क्यांच्या आसपास चालतात. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉट वर्षभर २,९२० कधीच नसतात. मोजपट्टी लावायची तर दोघांना लावा, एवढंच म्हणतोय.

छताचा हिशेब मेगावॉटवरून करायचाच नाही. १ किलोवॉटला आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिट धरा. ३ किलोवॉटला महिन्याला ३६०, जुलै-ऑगस्टात त्याहून बरेच कमी. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ ला आली तेव्हा ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान होतं, पण ते वैयक्तिक घराला; सोसायटीचा दर वेगळा. सोसायटीचं बारा महिन्यांचं बिल समोर ठेवा आणि ठराव पुन्हा आणा. ‘२० टक्के’ या आकड्यानं बिल कमी-जास्त होत नाही, युनिटनं होतं.

आणि उपयोग कोण करणार म्हणून आकडा लपवला, की पुढच्या वेळी आपला खरा आकडाही कुणी घेत नाही. मी रजिस्टर लिहिलेला माणूस आहे. वीज गेली ती गेलीच लिहायची, मंत्री येणार असले तरी.

---

रात्रपाळी

काका, जनसंपर्कवाल्याला फोन केला. ‘दीड लाख टन किती वर्षांचे’ विचारल्यावर म्हणाला, वरून आलंय, विचारून सांगतो. अजून सांगतोय. घरं आणि टन दोन्ही काढले. उपकेंद्राचं नाव मिळालं, फीडरची यादी सकाळी देतो म्हणाला शाखा अभियंता. २ लाख ५० हजार मेगावॉटची बातमी आमच्याकडे आतल्या पानावर सिंगल कॉलम लागली होती, ५६ च्या खाली.

नोंदवही ताई, एक विचारून घेतो, कारण पावसाळा आलाच आणि माझे तालुका वार्ताहर दर आठवड्याला ‘ढगफुटीसदृश’ पाठवतात. नाला वाहिला की ढगफुटी. यावर काय विचारू त्यांना?

---

नोंदवही

किती मिलिमीटर, किती वेळात, आणि कुठल्या महसूल मंडळात. तिन्ही नसेल तर शब्द कापा.

ढगफुटी म्हणजे वीसतीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर. रात्रभरात १४० पडला तर तो अतिमुसळधार, ढगफुटी नव्हे. महसूल खात्याची अतिवृष्टी वेगळी, मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर, आणि पंचनामा-भरपाई त्याच आकड्यावर ठरते. त्यामुळे ६३ आणि ६६ यात तुमच्या वाचकाचे पैसे अडकलेले असतात, ‘ढगफुटीसदृश’मध्ये काहीच नाही. महसूल मंडळांत महावेध या राज्याच्या प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत. तहसीलमधून मंडळनिहाय तक्ता रोज सकाळी निघतो, तो वार्ताहराला मागायला सांगा. आकडा शून्य दिसत असेल आणि गावात पाणी शिरलेलं असेल तर पर्जन्यमापकाच्या तोंडाशी पालापाचोळा नाही ना, किंवा वर झाडाची फांदी नाही ना, हे जाऊन बघायला सांगा. फोटो काढून आणला तर तीच बातमी.